तोंड मिटून चढायचा डोंगर

त्या डोंगरावर तोंड मिटून चढायचं, असा नियम ज्यांनी काढला त्यांच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही आणि जावा अशी माझी इच्छाही नाही. लोक म्हणतात, झालं ते विसरा आता. विसरायला तो काय भाजीवाल्याकडे राहिलेला कढीपत्ता आहे? आमच्या ह्यांच्या गालावर कानापासून हनुवटीपर्यंत व्रण आहे. सकाळी चहाचा कप पुढ्यात ठेवते तेव्हा तो मला दिसतो आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. वर त्या लोकांनी खापर फोडलं ते माझ्या आवाजावर. अस्वल म्हणे माझ्या ओरडण्यानं बिथरलं. ती मंडळी आजही रविवारी त्याच डोंगरावर जातात आणि आजही मौनातच चढतात.

माझा आवाज मोठा आहे, हे खरं. मी रेल्वेच्या चौकशीच्या खिडकीवर नोकरी केली, आणि तिथला माइक बंद पडला तरी पुष्कळदा प्रवाशांच्या लक्षात यायचं नाही. लग्न होऊन रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात आले, पारा म्हणजे इकडे मोहल्ला. घर अगदी गल्लीतलं, एका घरात फोडणी दिली तर दुसऱ्या घरात शिंक यायची. सासूबाई रोज एकदा तरी म्हणायच्या, हळू बोल वं, सारा पारा ऐकते. आणि नवरा मिळाला तो असा, की भाजीवाला दोनदा विचारायचा, "क्या बोले भैया?" मग मी मागून सांगायचे. हे सरकारी ऑफिसात हिशेबाच्या खात्यात होते. आकड्यांना मोठ्यानं बोलावं लागत नाही, त्यामुळे त्यांचं निभलं. आमचा संसार असाच चालला. बोलायचं काम माझं, ऐकायचं त्यांचं, आणि चारचौघांत गेलो की टेबलाखालून माझा हात हळूच दाबून मला गप्प करायचं कामही त्यांचंच.

पण हा आवाज मला आला कुठून, हे कोणी कधी विचारलं नाही. माझे वडील रेल्वेत होते. गोंदियाच्या पुढे जंगलातल्या एका लहानशा स्टेशनावर आमचं क्वार्टर होतं, आणि शाळेची पायवाट मोहाच्या झाडांखालून जायची. मोह गळायला लागला की खाली अस्वलं येत. वडील आम्हा पोरांना सांगायचे, तोंड बंद करून जायचं नाही. अस्वलाले दिसते कमी, ऐकू येते कमी, अन् मोह खाऊन राहिलं की त्याले कशाचंच भान नसते. तू त्याले दिसायच्या आधी ऐकू आली पाहिजे, म्हणजे ते आपलं आपण बाजूला होते. मग आम्ही पाढे म्हणत जायचो. बे एके बे पासून सुरू करायचं ते शाळेच्या पायरीपर्यंत थांबायचं नाही. आवाज पडला की मागून वडील काठीनं दगडावर ठोकायचे. इतरांचा गळा गाण्यानं तयार होतो, माझा अस्वलांनी तयार केला. म्हणून कोणी हळू बोल म्हटलं की मला आतून चीड यायची. हळू बोलणं ही माझ्यासाठी सभ्यता नव्हती, धोका होता.

ह्यांची रिटायरमेंट झाली आणि पाठोपाठ शुगर निघाली. तोवर आम्ही समता कॉलनीत राहायला आलो होतो. डॉक्टरांनी बजावलं, रोज चाला. बूढा तालाबाच्या काठानं आम्ही चालायला लागलो. मी बोलत, हे ऐकत. थोड्याच दिवसांत हे कंटाळले. तळ्याला की मला, ते मी विचारलं नाही. तेवढ्यात आमच्या मराठी मंडळातल्या चार-पाच घरांनी रविवारी डोंगर चढायचं ठरवलं, आणि त्यात ह्यांचं नाव गेलं.

डोंगर रायपूरपासून गाडीनं तासाभराच्या वर आहे. त्याचं नाव मी सांगत नाही, त्यात डोंगराचा काही दोष नाही. पुढच्या बाजूनं देवीच्या मंदिराला पायऱ्या आहेत, तिथं नेहमी वर्दळ. मागच्या बाजूनं जंगलातून पायवाट जाते. आमची मंडळी अर्थातच मागून जाणार. ह्या सगळ्यांचे पुढारी होते एक गृहस्थ, पुण्याचे, नव्या रायपुरात कुठल्याशा मोठ्या हुद्द्यावर बदलून आलेले. वयानं आमच्यापेक्षा लहान, पण सगळे त्यांना सर म्हणायचे, म्हणून मीही सर म्हणते. सह्याद्रीतले पुष्कळ किल्ले त्यांनी पायी केलेले होते. बूट चांगले, बोलणं त्याहून चांगलं. आवाज कधी चढला नाही. मराठी अशी शुद्ध, की आमच्या इकडचे लोक त्यांच्यासमोर बोलताना आधी मनात वाक्य जुळवायचे.

नियम त्यांचाच. खालच्या हापशापर्यंत काय बोलायचं ते बोला, हापसा ओलांडला की शेंड्यापर्यंत मौन. मोबाइल बंद, गप्पा बंद, खुणेनं बोलायचं. निसर्ग आपल्याशी बोलत असतो, आपण ऐकत नाही, असं ते सांगायचे. लोक माना डोलवायचे.

आणि खरं सांगू का, आमच्या ह्यांना ते मानवलं. रविवारी दुपारी घरी यायचे ते वेगळेच होऊन. चेहरा उजळलेला. कुठला पक्षी कसा बसला होता, तेंदूला पालवी कशी तांबडी फुटते, हे सगळं मला सांगत बसायचे. ते इतकं कधी बोललेले मला आठवत नव्हते. मला बरं वाटायचं आणि थोडं चुरचुरायचंही, की माझ्यासोबत तळ्याकाठी ह्यांना एवढं काही दिसलं नव्हतं.

मग एका रविवारी मी म्हटलं, चला, मीही येते. थंडी ओसरत आली होती. हापशाजवळ वन खात्याचा एक पत्र्याचा बोर्ड होता, उन्हानं उडालेला. त्यावरचा भालू मात्र ओळखू येत होता. मी म्हटलं, इथं अस्वल आहे. सगळे हसले. म्हणाले, तो बोर्ड जुना आहे. तिथून मौन सुरू झालं. थोडं वर गेल्यावर वाटेच्या कडेचं वारूळ उकरलेलं दिसलं, माती ताजी. पुढे शेणासारखं काही पडलेलं, त्यात बोरांच्या बिया. मोहाच्या एका बुंध्यावर वरपासून खालपर्यंत ओरखडे. आता हे पाहून जिला पाढे आठवले नाहीत ती माझ्या वडिलांची पोरगी नाही. मी मोठ्यानं म्हटलं, अहो, हे पाहा, हे अस्वलाचं आहे, बोलत चला. सरांनी मागे वळून ओठांवर बोट ठेवलं. शाळेत पोट्ट्यांना ठेवतात तसं. मी पुन्हा म्हटलं. तेव्हा आमच्या ह्यांनीच माझा हात दाबला.

वर पोहोचल्यावर सरांनी मला हात जोडले. काकू, तुमचा अनुभव मोलाचा आहे, पण इथं आपण ऐकायला येतो, असं अगदी नम्रपणे सांगितलं. मी विचारलं, तुमच्या किल्ल्यांवर अस्वल राहते का? ते हसले. म्हणाले, वन्यप्राणी माणसाला घाबरतो काकू, आपण शांत राहिलो की तोही शांत राहतो. लोकांना ते फार पटलं. एकीनं तर वा म्हटलं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. अरे, ज्याला तुम्ही आल्याचं कळलंच नाही तो शांत राहील की दचकेल? तुम्ही स्वयंपाकघरात पाठमोरे असताना मागून कोणी न बोलता येऊन उभं राहिलं तर तुम्ही काय शांत राहता? हातातली पळी आधी फिरते. पण हे बोलायला मला कोणी जागाच ठेवली नव्हती. उतरताना मौन परत सुरू झालं होतं.

गाडीत हे म्हणाले, तू जरा हळू बोलली असती तं चाललं असतं. घरापर्यंत मी खिडकीबाहेर पाहत बसले. पुढच्या रविवारी मला कोणी बोलावलं नाही, आणि मीही म्हटलं, घाला चुलीत तुमचा डोंगर.

पण ह्यांना कशी घालू चुलीत? त्यांचं जाणं चालूच होतं, आणि मोहाचे दिवस आले. डोंगराखालच्या गावातल्या बाया मोह वेचायला जायच्या त्या घोळक्यानं, एकमेकींना हाका मारत, डबे वाजवत. आमच्या मंडळींना त्याचा त्रास व्हायचा. त्या कलकलाटानं पक्षी उडतात म्हणे. ह्यांनी घरी येऊन मला तसं सांगितलं, तेव्हा मी पोळी लाटत होते. लाटणं तसंच हातात धरून मी म्हटलं, त्या बायांना अक्कल आहे म्हणून त्या डबे वाजवतात. हे हात धुवायला गेले.

त्याच आठवड्यात मंडळाच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. मागच्या पायवाटेवर, झऱ्याच्या वळणाशी, अस्वलाची मादी. पाठीवर पिल्लू बसलेलं, केस धरून. कोणीतरी लांबून काढलेला, हलता. मला वाटलं, बरं झालं, आता तरी हे लोक ती वाट सोडतील, पुढून पायऱ्यांनी जातील. सोडतात कसले. खाली किती सुंदर, किती गोड, माऊली, असे शेरे. आणि सरांनी लिहिलं, की आता आपण उजाडायच्या आधीच निघू, पहाटे ती झऱ्यावर येत असणार, आणि मौन जास्त काटेकोर पाळू, म्हणजे आपल्याला दर्शन होईल.

दर्शन. पिल्लू पाठीवर घेतलेल्या मादीचं दर्शन घ्यायला हे चोरपावलानं तिच्या पाणवठ्यावर जाणार. वडील असते तर पायातली चप्पल काढली असती. पिल्लावर बेतलं की ती पळून जात नाही. अन् ती हातापायावर जात नाही, सरळ तोंडावर जाते. आमच्या स्टेशनावर एक पोर्टर होता, त्याला एकच डोळा होता आणि नाक नव्हतं. आम्ही पोरं त्याच्या चेहऱ्याकडे न पाहता त्याला नमस्कार करायचो. मला रात्रंदिवस त्या चेहऱ्याच्या जागी आमच्या ह्यांचा चेहरा दिसायला लागला.

मी ह्यांना सगळं सांगितलं. पोर्टरचंही सांगितलं. नका जाऊ म्हटलं. जायचंच असेल तर उन्हं वर आल्यावर जा, पायऱ्यांनी जा, आणि बोलत जा. बोलायचं जिवावर येत असेल तर हे घ्या, म्हणून मी त्यांच्या पिशवीत स्टीलचा ग्लास आणि चमचा टाकला. वळण आलं की वाजवा, म्हटलं, लाजू नका. ते हव म्हणाले. हव म्हणजे इकडे हो, पण आमच्या घरात त्याचा अर्थ विषय संपला असा आहे.

रविवारी परत आले तेव्हा ग्लास रुमालात गुंडाळलेला, जसा दिला तसाच. मी विचारलं, वाजवला का? तर म्हणे, काढला होता, पण सरांनी ठेवायला सांगितला. मी भडकले. म्हटलं, उद्या सर म्हणतील श्वास घेऊ नका, तं नाही घेणार का तुम्ही? सरांची बायको आहे मी की तुमची? कोणाच्या चेहऱ्याची काळजी करून राहिली मी? बराच वेळ माझा पट्टा सुटला होता. हे खुर्चीत बसून ऐकत होते. मग त्यांनी मान वर केली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला त्यांच्या आवाजात राग ऐकू आला.

"जन्मभर मले सगळे सांगून राहिले, मोठ्यानं बोला, मोठ्यानं बोला. ऑफिसात साहेब, घरी तू. एक जागा भेटली जिथं कोणी मले तसं म्हणत नाही. तेही काढून घेते का?"

मी आत जाऊन कुकर लावला. पण शिट्ट्या मोजता मोजता माझं ठरलं, की पुढच्या रविवारी मी सोबत जाणार. कोणाला आवडो न आवडो.

गेले. सरांनी मला पाहून नमस्कार केला आणि हापशापाशी सगळ्यांना उद्देशून नियम पुन्हा सांगितला. सगळ्यांना कशाला, तो मलाच होता. नुकतं फटफटलं होतं. मी ह्यांच्या मागोमाग राहायचं ठरवलं होतं, पण माझे गुडघे काही ठरवल्याप्रमाणे चालत नाहीत. सर पुढे, त्यांच्या मागे हे, मग बाकीचे, आणि पार शेवटी मी. खाली सगळीकडे मोह सांडलेला. त्याचा तो उग्र गोड वास. माझ्या घशात पाढे येऊन बसले होते. मी दोनदा मोठ्यानं खोकले. पुढच्या बाईनं वळून माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी देवळात चप्पल घालून आले आहे. तर मी गप्प राहिले. ह्यांच्यासाठी गप्प राहिले. त्यांची जागा त्यांना राहू द्यावी म्हणून.

झऱ्याचं वळण आलं. पुढची माणसं वळणाआड गेली. मला आधी ऐकू आलं ते जोरानं सोडलेल्या श्वासासारखं, खूप मोठं हुंकारणं, आणि मग काहीतरी पडल्याचा आवाज. माणसाचा आवाज नाही. कोणी ओरडलं नाही. हे मला अजून खरं वाटत नाही, की एवढी माणसं होती आणि कोणी ओरडलं नाही.

मी धावले. गुडघे कुठून आले कोणास ठाऊक. वळणावर बाकीची मंडळी कड्याला चिकटून उभी होती. हे वाटेवर पडले होते आणि ती त्यांच्यावर होती. काळी, एवढी मोठी. ह्यांनी एका हातानं तोंड झाकलेलं, तो हात लाल झालेला. आणि सर एका झाडाच्या मागे उभे होते, आणि त्यांनी माझ्याकडे पाहून ओठांवर बोट ठेवलं. हे मी मरेपर्यंत विसरणार नाही. माझा नवरा अस्वलाखाली आहे आणि तो माणूस मला गप्प राहा म्हणतो आहे.

माझ्या तोंडून काय निघावं? देवाचं नाव नाही, ह्यांना हाक नाही. बे एके बे. जेवढा माझा गळा आहे तेवढ्यानं, बे दुणे चार, बे त्रिक सहा, आणि चालत पुढे, गुडघ्यांसाठी आणलेली हातातली काठी दगडावर हाणत. तिनं मान वर केली. तिचं तोंड मी पाहिलं. मी थांबले नाही. बे पंचे दहा झालं असेल नसेल, ती ह्यांच्यावरून उतरली, नाल्याकडे गेली, तिथून पिल्लू आलं, तिच्या पाठीवर चढलं, आणि दोघं झाडीत गेली. तिच्यावर माझा राग नाही. ती बापडी आपल्या पोराला पाणी पाजायला आली होती.

गमछ्यानं ह्यांचं तोंड बांधलं. मंडळींनी उचलून खाली आणलं, तेवढं श्रेय त्यांना देते. रायपूरला दवाखान्यात पोहोचेपर्यंत ह्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि मी बोलतच होते. काय बोलत होते ते आठवत नाही. डॉक्टरांनी नंतर सांगितलं, डोळा वाचला, जबडा मोडला आहे. वरचे खालचे दात तारेनं एकमेकांना बांधले. काही आठवडे तोंड उघडायचं नाही, बोलायचं नाही, फक्त पातळ घ्यायचं. ह्यांच्या पिशवीत मी तसाच राहू दिलेला तो ग्लास पडण्यात चेपला होता. तोच मी दवाखान्यात ठेवला, आणि त्यातून चमच्याचमच्यानं ह्यांना मुगाचं पाणी पाजायला लागले.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी माझ्या नणंदेचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून म्हणाली, वहिनी, तुम्ही तेवढं ओरडायले नको होतं. मी विचारलं, कोण म्हणते? तर सगळेच म्हणून राहिले म्हणे. ग्रुपवर सरांनी लिहिलं होतं, मी पाहिलं नव्हतं. माझं नाव नव्हतं त्यात, तेवढे सभ्य ते आहेतच. एका सदस्याकडून मौनभंग झाला, प्राणी बिथरला आणि दुर्दैवी घटना घडली, ह्यातून आपण सर्वांनी शिकावं. खाली सगळ्यांनी हात जोडलेले.

मी हसले का रडले मला माहीत नाही. शेजारच्या खाटेवरचे आजोबा उठून बसले होते. म्हणजे आधी माझं ओरडणं आणि मग अस्वल. वळणावर उभे राहून डोळ्यांनी पाहिलेली माणसं हे म्हणत होती. आणि खोटं आहे असं सांगू शकेल असा एकच माणूस होता, तो माझ्यासमोर दात बांधून पडला होता. मी ह्यांच्या जवळ वाकले. विचारलं, अहो, माझ्यामुळं झालं का? ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि हात जरासा उचलून हलवला. जाऊ दे.

जाऊ दे. जन्मभर हेच. हळू बोल, जाऊ दे, लोक ऐकून राहिले. मला त्या क्षणी सरांचा आला नसेल एवढा राग ह्यांचा आला. मला वाटलं, ह्यांनाही तसंच वाटत असेल तर? ती जागा त्यांना फार आवडली होती. ती जागा गेली ती माझ्या आवाजानं, असं त्यांच्या मनात असेल तर मी कोणाला काय सांगू? मी ग्लास धुवायला म्हणून बाहेर गेले आणि नळ सोडून तशीच उभी राहिले. त्या दिवशी मी ह्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. वॉर्डात मौन पाळलं म्हणा.

दुसऱ्या दिवशी दुपारी मंडळी भेटायला आली. सर, आणि सोबत दोघं-तिघं. सफरचंदं आणली होती. जबडा बांधलेल्या माणसाला सफरचंदं. मी खाटेच्या डोक्याशी उभी राहिले. सरांनी ह्यांची चौकशी केली, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, निसर्ग कधी कधी परीक्षा घेतो असं काही म्हणाले. मग माझ्याकडे वळले. आवाज नेहमीसारखाच मऊ.

"काकू, मी तुम्हाला अजिबात दोष देत नाही. भीती वाटणं स्वाभाविक आहे. पण तुम्ही त्या क्षणी शांत राहिला असता, तर..."

ह्यांचा उजवा हात पट्टीत होता. डावा हात त्यांनी पांघरुणातून काढला आणि शेजारच्या स्टुलावर चाचपायला लागले. मला वाटलं पाणी हवं. मी पुढे झाले तर त्यांनी मला बाजूला सारलं. ग्लास उचलून पोटावर ठेवला, पट्टीतल्या हातानं कसाबसा धरला, आणि चमचा घेऊन त्याच्यावर मारला.

आधी हळूच. सर बोलत होते, ते थांबले. मग जोरानं. मग आणखी जोरानं. ह्यांचे डोळे सरांवरून हलत नव्हते. तो चेपलेला ग्लास साऱ्या वॉर्डात वाजत होता. खाटाखाटांवरचे लोक उठून पाहायला लागले. सरांचा हात सवयीनं वर गेला, बोट ओठांपर्यंत आलं, तसं ह्यांनी आणखी दणक्यानं वाजवायला सुरुवात केली. गालाच्या पट्टीवर लाल ठिपका उमटला तरी हात थांबेना. ज्याचं बोलणं भाजीवाल्याला दोनदा विचारल्याशिवाय कधी ऐकू आलं नाही तो माणूस हे करत होता. बाकीचे दाराकडे सरकले. सरांनी सफरचंदांची पिशवी खाटेवर ठेवली, काय करावं न कळून परत उचलली, आणि मग तेही निघाले. ते जिना उतरून जाईपर्यंत हे वाजवतच राहिले.

नर्स धावत आली. म्हणाली, काका, शांति रखिए, यहाँ और भी मरीज हैं. ग्लास काढून घ्यायला तिनं हात पुढे केला.

मी तिचा हात धरला.

"बजाने दो उनको," मी म्हटलं, आणि ते माझ्या नेहमीच्या आवाजात म्हटलं.